एकशे बत्तीस टक्के एन्झाइम

बेळगावातल्या एका प्रयोगशाळेत डॉ. उपासना कांबळे यांनी सहा वर्षं खपून एका रोगजंतूची खोड शोधून काढली. त्याला वाढायला प्युरिन नावाचं द्रव्य लागतं, ते तो स्वतःच बनवतो आणि त्यासाठी त्याला एक विशिष्ट एन्झाइम लागतं. ते बंद पाडणारं औषध मिळालं, की जंतूचा कारभार आटोपला. म्हणून त्यांनी मंजुरीच्या अर्जात लिहिलं, 'हे एन्झाइम औषधाचं संभाव्य टार्गेट आहे.'

अर्ज अधीक्षक आण्णासाहेबांच्या टेबलावर गेला. माणूस निपाणीचा, कामाला चोख. त्यांनी 'टार्गेट'खाली लाल रेघ ओढली आणि मार्चअखेर एकूण किती एन्झाइम होणार, अशी लेखी विचारणा केली.

उपासना धावत गेल्या. एन्झाइम वाढवायचं नाही, थांबवायचं आहे, हे त्यांनी दोनदा मराठीतून आणि एकदा कन्नडातून समजावलं. आण्णासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, टार्गेट थांबवायचं नसतंय. गाठायचं असतंय."

आठवड्याभरात नोटीस आली. उद्दिष्टपूर्ती शून्य टक्के. सुधारणा न दिसल्यास प्रयोगशाळेचा फ्रीज जमा करून घेण्यात येईल. त्या फ्रीजमध्ये सहा वर्षांचे नमुने होते. उपासनांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जंतूंना भरपेट खाऊ घालायला घेतलं. जंतूंनी बाळसं धरलं आणि त्यांच्याबरोबर एन्झाइमही वाढलं.

"आक्का, आपण ह्यास्नी मारायला बसलोय न्हवं?" बाटल्या धुणाऱ्या मंगलनं विचारलं.

"व्हय. मार्च झाल्यावर," उपासना म्हणाल्या आणि त्यांनी मान खाली घातली.

मार्चअखेर उद्दिष्टपूर्ती एकशे बत्तीस टक्के भरली. सत्कार झाला. प्रमाणपत्र कन्नडात, भाषण मराठीत आणि आकडा इंग्रजीत असल्यामुळे सीमाभागात प्रथमच कुणाची हरकत आली नाही. त्याच व्यासपीठावर पुढच्या वर्षीचं टार्गेट दुप्पट झालं. एन्झाइम बंद पाडणारं औषध उद्दिष्टपूर्तीला बाधक ठरून त्याच्या संशोधनाला स्थगिती मिळाली.

बातमी छापून आली तशी उपासनांना सांबऱ्यापासून निपाणीपर्यंतच्या लोकांचे अभिनंदनाचे फोन येऊ लागले. त्या प्रत्येक फोनला आशेनं कान लावत. एकशे बत्तीस म्हणजे बरेच झाले, असं सगळे म्हणाले. हा जंतू नेमका कुठल्या रोगाचा, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

वाचकहो, आपणही नाही.