प्रिकेरियस साहेबांची पायरी

कार्यालयाच्या मागच्या जिन्याची सातवी पायरी मोडली असल्याची बाब सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता भांडारपालांच्या निदर्शनास आली. निदर्शनास आली म्हणजे त्यांचा उजवा पाय पोटरीपर्यंत तिच्यात गेला. भांडारातल्या टाचण्यांच्या डबीलाही कुलूप लावणारा हा माणूस. सगळं कार्यालय त्यांना कुलूपराव म्हणायचं आणि एव्हाना त्यांनाही स्वतःचं खरं नाव पगाराच्या दिवशीच आठवायचं. त्यांनी पाय सोडवून घेतला, एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर निळ्या शाईने 'पायरी मोडली आहे. जपून.' असं लिहिलं आणि सुतळीने तो कठड्याला बांधला.

पुठ्ठा खरं तर चहावाल्या मावशींसाठी होता. पुढचा जिना अधिकाऱ्यांसाठी राखीव होता आणि उरलेल्या जगासाठी मागचा. मावशी भरलेली किटली घेऊन दिवसातून आठ वेळा तो चढायच्या. पन्नाशी उलटल्यावर संध्याकाळच्या वर्गात त्या अक्षरं शिकल्या होत्या आणि तेव्हापासून वाटेत दिसलेली एकही पाटी त्यांनी वाचल्याशिवाय सोडली नव्हती. त्या दिवशीही त्यांनी किटली खाली ठेवली, पुठ्ठ्यावर बोट फिरवलं आणि अक्षर अक्षर लावून वाचलं.

"अक्षर बरं आहे हो तुमचं, कुलूपराव," त्या म्हणाल्या, आणि सातवी पायरी सोडून आठवीवर पाय टाकला.

कुलूपरावांनी दुरुस्तीचा अर्जही त्याच दिवशी केला. गोष्ट तिथेच संपायला हरकत नव्हती. पण बुधवारी मुख्यालयातून परिपत्रक आलं.

परिपत्रकात म्हटलं होतं की, कर्मचाऱ्यांचे इंग्रजी शब्दज्ञान सामान्य असल्यामुळे कार्यालयाची प्रतिमाही सामान्य राहते. सबब 'शब्दोन्नती योजने'अंतर्गत एक तारखेपासून सर्व लेखी व्यवहारात प्रगत इंग्रजी शब्द वापरणे बंधनकारक राहील. सोबत एक पेटी होती. पेटीत पाचशे कार्डं. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला एक शब्द, वर इंग्रजीत आणि खाली मातृभाषेचा मान राखायचा म्हणून आपल्या अक्षरांत. दुसऱ्या बाजूला छापलं होतं, 'अर्थ स्वतंत्रपणे पुरविण्यात येईल.'

शब्दांचा पुरवठादार वेगळा होता आणि अर्थांचा वेगळा. शब्दवाल्याने माल वेळेवर दिला होता.

कुलूपराव कार्डं घेऊन साहेबांकडे गेले. "साहेब, अर्थ आलेले नाहीत."

"शब्द आलेत ना?"

"हो, पाचशेच्या पाचशे. मोजून घेतले."

"मग वापर सुरू करा. अर्थ आले की पूर्वलक्षी प्रभावाने लागू करू," साहेब म्हणाले आणि स्वतःसाठी वरची दहा कार्डं काढून घेतली.

मग काय, शब्दांची नुसती चंगळ उडाली. टंकलेखिका बाईंनी 'सासूबाई ॲम्बिग्युअस झाल्यामुळे' दोन दिवसांची रजा मागितली आणि साहेबांनी 'लवकर बऱ्या होवोत' असा शेरा मारून ती मंजूर केली. कुलूपरावांना 'मॅलोडोरस' हा शब्द मिळाला. तो त्यांना मेलडीच्या घरातला वाटला. घरी बायको कपडे वाळत घालताना गुणगुणत होती, तेव्हा ते कौतुकाने म्हणाले, "आज अगदी मॅलोडोरस वाटतेयस!" ती लाजली. त्याच दिवशी तिने धाकट्या बहिणीला फोन करून ते सांगितलं.

अर्थ कुणीच कुणाला विचारत नव्हतं. विचारलं तर आपल्याला तो येत नाही हे कळलं असतं, आणि समोरच्यालाही येत नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी मोठा शब्द फेकला की बाकीचे हळूच मान हलवायचे.

पंधरा दिवसांनी मुख्यालयातून तपासणीसाठी मॅडम आल्या. त्यांना म्हणे सगळे अर्थ येत होते. हेडक्लार्क फाटकापासूनच त्यांच्या पर्सला चिकटले. मॅडम खोकल्या की हे पाणी आणत, मॅडम हसल्या की हे आधी हसत. शेवटी मॅडमनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही फार ऑब्सिक्वियस आहात हो."

"मॅडम, आपला आशीर्वाद!" हेडक्लार्क कमरेत वाकले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या टेबलावर पितळी पाटी आली. नावाखाली कोरलं होतं, 'ऑब्सिक्वियस'. येणारा-जाणारा ती वाचून अदबीने मान हलवायचा.

त्याच तपासणीत मॅडमना कठड्यावरचा पुठ्ठा दिसला.

"हे काय? पायरी मोडली आहे? इतकं उघडंनागडं लिहितं का कुणी?" असं म्हणून त्यांनी कार्डांतून एक काढलं. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्याच्या जागी पत्र्याची काळी पाटी लागली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत, इंग्रजीत आणि आपल्या लिपीत, एकच शब्द होता: 'प्रिकेरियस'.

दुरुस्ती विभागानेही कुलूपरावांचा जुना अर्ज 'भाषा अप्रगत' म्हणून परत पाठवला होता. त्यांनी तो नव्याने लिहिला, 'मागील जिन्याची सातवी पायरी प्रिकेरियस झाली आहे.' चार दिवसांत उत्तर आलं. 'अभिनंदन. इतर पायऱ्यांनीही आदर्श घ्यावा.'

आता अक्षरं सोनेरी आणि मोठी, पाटी पत्र्याची आणि जिना कार्यालयाचा. कामासाठी आलेल्या पहिल्याच म्हाताऱ्या गृहस्थांनी ती वाचली आणि हातातला अर्ज सरळ केला. "प्रिकेरियस साहेब इथेच बसतात का?" त्यांनी शिपायाला विचारलं. शिपायाला नाही म्हणणं कमीपणाचं वाटलं. "येतील आता," तो म्हणाला. गृहस्थ सहाव्या पायरीवर बसले. त्यांच्यामागे दुसरा बसला. दुपारपर्यंत जिना खालपासून वरपर्यंत भरला. आठवडाभरात माणसं सकाळी सातपासून नंबर लावू लागली. "साहेब कडक आहेत, पण एकदा काम हातात घेतलं की सोडत नाहीत," असंही कुणीतरी खात्रीने सांगू लागलं.

मावशी आता त्या गर्दीतून खांदे चोरत किटली न्यायच्या. एक दिवस त्या भांडाराच्या खिडकीशी थांबल्या.

"कुलूपराव, तुमचा पुठ्ठा बरा होता हो. हे प्रि-के-रि-यस म्हणजे काय?"

कुलूपरावांना चांगलं ठाऊक होतं. पुठ्ठ्याच्या जागी पाटी आली म्हणजे अर्थ तोच, हे कळायला कार्ड लागत नव्हतं. त्याच सकाळी त्यांनी जुना पुठ्ठा गुपचूप पुन्हा बांधला होता. हेडक्लार्कनी तो उतरवून त्यांच्या टेबलावर आपटला होता. "बढतीची यादी लागायची आहे पुढच्या महिन्यात. योजनेला विरोध म्हणून नाव जायला हवंय का?" एवढंच ते म्हणाले होते. आणि या क्षणी ते खिडकीपलीकडे टंकलेखिका बाईंशी बोलत उभे होते.

"अर्थ अजून आलेले नाहीत, मावशी," कुलूपराव म्हणाले. "आले की कळवतो." स्वतःचा आवाज ऐकून त्यांना लाज वाटली. पण लाजेला बढतीच्या यादीत रकाना नव्हता.

पायरी मोडल्याचं मावशी विसरल्या नव्हत्या. पण जिथे पायऱ्याच दिसत नाहीत, फक्त माणसं दिसतात, तिथे सातवी कुठली हे कसं मोजायचं? मंगळवारी साडेतीन वाजता, पाचव्या खेपेला, त्यांनी दोन माणसांच्या मधल्या फटीत पाय टाकला. किटली आधी खाली पोचली. मावशींचा घोटा मोडला.

चौकशी झाली. अहवालात अपघाताचं कारण म्हणून 'प्रिकेरियस' एवढाच शब्द होता, कारण दुसरा मंजूर नव्हता. साहेबांनी तो वाचला आणि श्री. प्रिकेरियस यांना कारणे दाखवा नोटीस काढली. उत्तर आलं नाही. दुसरी काढली. तिलाही नाही. तिसऱ्या नोटिशीनंतर साहेबांनी फाईलवर लिहिलं, 'तीन नोटिसांना उत्तर न देणारी व्यक्ती आपल्यापेक्षा वरिष्ठ असावी. प्रकरण बंद.' पायरी वरिष्ठांच्या अखत्यारीत गेल्यामुळे दुरुस्तीचा प्रश्नही निकाली निघाला. त्याच आठवड्यात बढतीची यादी लागली. कुलूपराव वरिष्ठ भांडारपाल झाले. पेढे वाटायचा धीर मात्र त्यांना झाला नाही.

दोन महिन्यांनी अर्थ आले. पाचशे कार्डांची दुसरी पेटी. सोबत सूचना होती, 'ज्यांना अर्थ माहीत नसेल त्यांनी भांडारात नोंदवहीत सही करून न्यावा.' कुलूपरावांनी कोरी नोंदवही उघडून ठेवली, पेन दोरीने बांधलं आणि वाट पाहत बसले.

कुणीही आलं नाही. साहेब म्हणाले, "मला काय गरज?" टंकलेखिका बाई म्हणाल्या, "ते तर शाळेतच झालं होतं आमचं." दुपारच्या सुट्टीत, आसपास कुणी नाही असं पाहून, कुलूपरावांनीच 'मॅलोडोरस'चं कार्ड काढलं. त्यावर लिहिलं होतं, 'ज्यास दुर्गंधी येते असे.' त्यांनी ते पेटीच्या तळाशी घातलं, सही केली नाही, आणि त्या संध्याकाळी घरी जायला नेहमीपेक्षा लांबचा रस्ता धरला.

मग एके दिवशी काठीची टकटक आली. मावशी होत्या.

"अर्थ आलेत म्हणे. द्या माझा."

त्यांनी पेन घेतलं आणि नोंदवहीच्या पहिल्या ओळीवर, सावकाश, मात्रा-वेलांटीसकट सही केली. कुलूपरावांनी कार्ड दिलं. मावशींनी बोट फिरवलं. "धो-क्या-चे. के-व्हा प-डे-ल याचा ने-म न-स-ले-ले." त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे पायरी मोडली आहे, जपून. एवढंच ना?"

"एवढंच, मावशी."

"मग हे तर तुम्ही आधीच लिहिलं होतं की. चांगल्या अक्षरात."

कुलूपरावांनी शब्दांच्या पेटीकडे एकदा पाहिलं. पाचशेतला एकही या जागी चालण्यासारखा नव्हता. त्यांनी खणातून जुना पुठ्ठा काढला, उठले, आणि साऱ्या कार्यालयादेखत जिन्यावर जाऊन तो सोनेरी अक्षरांच्या पाटीवर बांधला. रांगेतल्या माणसांनी तो वाचला. एकजण म्हणाला, "साहेब आज रजेवर दिसतात," आणि सगळे उद्याचा नंबर लावून घरी गेले.

नोंदवहीत आजही एकच सही आहे. हेडक्लार्कच्या टेबलावरची पितळी पाटी रोज पुसली जाते आणि तिच्यावरच्या शब्दाचं कार्ड पेटीत तसंच पडून आहे. मघाशी तुम्हीही ती पाटी वाचलीत, मान हलवलीत आणि पुढे गेलात. भांडार साडेपाचपर्यंत उघडं असतं. पेन दोरीला बांधलेलं आहे.