टर्बोवाले जावई

हिरामण एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कारकून. पण सासरे गेणूअण्णा भेटले की "काल आमची लाइट का गेली हो?" एवढंच विचारत. (अण्णा पिंपळगावचे द्राक्षव्यापारी, त्यांच्या घरात टेम्पोला जो मान होता, तो जावयाला नव्हता.) आठ वर्षं हे सोसून अखेर २००३ साली हिरामणने आपल्या जुन्या पेट्रोल गाडीला भंगारातला टर्बो बसवून घेतला.

"हा इंजिनात जादा हवा कोंबतो," काळू मिस्त्री म्हणाला. "म्हणून ठिणगी जरा उशिरा पडायला पायजे. टायमिंग मी बसवलंय. हात लावू नका, साहेब."

हात लावू नका म्हटलं की हिरामणचे हात शिवशिवायचे. मेहुणीचा, म्हणजे मोहिनीचा, साखरपुडा होता त्या सकाळी त्याने बॉनेट उघडलं. ठिणगी लवकर पडली तर गाडीही लवकर पोचेल, असा कारकुनी विचार करून त्याने ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवला. अकराचा मुहूर्त होता, आणि नवरदेवाची अंगठी हिरामणच्या बायकोच्या, ललिताच्या, पर्समध्ये होती.

आडगाव मागे टाकून त्याने ॲक्सिलरेटर दाबला, तशी इंजिनात तडतड सुरू झाली.

"अहो, काय वाजतंय?"

"टर्बो."

"टर्बो शेंगदाणे भाजतो का?"

ओझरला त्याचाच धीर सुटला. पांढरा शर्ट सांभाळत (तो काही सांभाळला गेला नाही) त्याने डिस्ट्रिब्युटर उलटा फिरवला. फिरवायचा होता केसभर, फिरवला भीतीच्या मानाने. तडतड थांबली आणि गाडीची ओढही संपली. मागून सायकलवरचा दूधवाला आला, हात हलवून पुढे निघून गेला. मग सायलेन्सरमधून आवाज निघाला, "धडाम!"

"अंगठी मी चालत नेऊ का?" ललिताने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती.

पिंपळगावात साडेअकरा वाजले होते. अंगठीचा पत्ता नाही म्हणून वरपक्ष कुजबुजत होता आणि अण्णा घाम पुसत होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी धडाम, धडाम सुरू झालं.

"वा, व्याही!" नवरदेवाचा बाप खूश होऊन उठला. "फटाक्याची सोय ठेवली व्हती, बोलले नाय तुम्ही! म्हणून उशीर काय?"

"आमच्या जावईबापूंची हौस, दुसरं काय," अण्णा बोलून गेले.

आमच्या! हिरामणचे डोळे भरून आले. (धूरही होताच.) अंगठी बोटात गेली, पेढे वाटले गेले. हिरामणला पहिल्या रांगेत बसवून फेटा बांधला. ललितासुद्धा त्याच्याकडे बघून हसली.

निघताना अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, लग्नाला बी हीच गाडी आणा. मिरवणुकीच्या म्होरं लावू."

"आणतो की, अण्णा!" हिरामणची छाती फुगली. "फुलांनी सजवतो. नवरदेव माझ्या शेजारी पुढे बसतील."

"छे, छे! तो टेम्पोत बसंल," अण्णा म्हणाले. "त्याला मुहूर्ताला पोचायचं हाय."