स्थानिकांस खोली मिळणार नाही

गोंदियाजवळच्या गोरेगावचे केशोराव बिसेन आणि त्यांच्या पत्नी सुशीलाबाई यांनी लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून गोंदियाच्या हॉटेलात एक दिवस राहायचे ठरवले. गुन्हा एवढाच. इच्छा मूळची सुशीलाबाईंची. इतक्या वर्षांत सकाळचा पहिला चहा त्यांना आयता मिळाला नव्हता. आपण पलंगावर बसून राहावे आणि कोणीतरी दार वाजवून चहा आणून द्यावा, हे त्यांनी टीव्हीत पाहिले होते. धानाची रोवणी आटोपली तशी त्यांनी बॅग भरली.

'हॉटेल अतिथी वैभव'चा मॅनेजर दुर्गाप्रसाद याने केशोरावांचे मतदार ओळखपत्र उजेडात धरून पाहिले.

"गोरेगाव? ये तो लोकल है. लोकलला रूम देता येत नाही."

"काऊन?"

"ज्याचं घर जवळ आहे तो हॉटेलात राहतो, म्हणजे कुछ तो गडबड है. नियम आहे." मग त्याची नजर सुशीलाबाईंकडे वळली. "आणि ह्या?"

"बायको हाय माही."

"सगळे असंच म्हणतात."

अठ्ठावन्न वर्षांच्या, चार नातवंडांच्या आजी असलेल्या सुशीलाबाई लाजून लाल झाल्या. आपल्यावर असा संशय कोणी घेईल, ही आशा त्यांनी केव्हाच सोडली होती.

दुर्गाप्रसाद माणूस कनवाळू होता. नियमातली फट त्यानेच दाखवली. टुरिस्ट गाडीतून उतरलेल्या माणसाला पर्यटक समजण्यात येई आणि पर्यटकाला खोली नाकारता येत नसे. शेजारीच गाड्यांचे ऑफिस होते. तिथल्या बाईंनी नम्रपणे सांगितले की टुरिस्ट गाडी फक्त हॉटेलात उतरलेल्यांनाच मिळते.

"हॉटेलवाला म्हणते, आधी गाडी आणा," केशोराव म्हणाले.

"बरोबर आहे त्यांचं."

"अन् तुमी म्हणता, आधी हॉटेल."

"आमचंही बरोबर आहे. तुम्ही असं करा, बालाघाटच्या शाखेत जा. तिथून 'गोंदिया दर्शन' पॅकेज निघतं, गाडी आणि हॉटेल एकत्र."

"गाडी बालाघाटात हाय?"

"नाही, ही काय दारात. तुम्हाला आणायला आत्ता निघेल."

"मंग आमाले त्यातच बसवून न्या ना!"

बाईंना हसू आवरेना. "इथून कसे बसणार? इथे तुम्ही लोकल आहात."

म्हणून नवरा-बायको एसटीत उभ्याने बालाघाटला निघाले आणि त्यांना आणायला निघालेली रिकामी गाडी सगळ्या रस्त्याने एसटीच्या पुढे धावत राहिली. रेल्वे फाटकापाशी दोन्ही वाहने शेजारी थांबली. चालक खुमेंद्र याने काच खाली करून अदबीने विचारले, "सर, प्रवास ठीक चालू आहे ना?"

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात व्हाउचर फाटले, गळ्यात बिल्ले पडले आणि केशोराव परप्रांतीय झाले. ओळखपत्र गोरेगावचेच राहिले. पण ओळखपत्र घराचे असते, व्हाउचर प्रवासाचे, असा खुलासा करण्यात आला.

"आता सरळ हॉटेलवर घे बाप्पा," गाडीत बसताच केशोराव म्हणाले.

"नाही सर. आधी 'ग्रामजीवन दर्शन'. ते पाहिल्याशिवाय व्हाउचरवर शिक्का बसत नाही."

गाडी गोंदिया ओलांडून गोरेगावात शिरली, आठवडी बाजाराला वळसा घालून एका गल्लीत घुसली आणि एका निळ्या दारासमोर थांबली. खुमेंद्र पाठ केलेले बोलू लागला. "हे इथलं पारंपरिक शेतकऱ्याचं घर. मागे बांधी दिसतात, तिथे धान होतो. इथले लोक साधे आणि अगत्यशील असतात."

"हे आपलंच घर हाय!" सुशीलाबाई ओरडल्या.

"सगळ्याच पर्यटकांना असं आपलं वाटतं, मॅडम."

शेजारच्या शालीकरामाने आपल्याकडे सांभाळायला दिलेली किल्ली आणून कुलूप काढले आणि गळ्यातल्या बिल्ल्यांकडे पाहून तो हबकलाच. "केशोभाऊ, हे काय होऊन राहिलं?"

"पर्यटन," केशोराव म्हणाले.

यादीतली पुढची बाब होती 'घरच्या गृहिणीच्या हातचा चहा'. खुमेंद्र शिक्का हातात घेऊन ओट्यावर बसला. गृहिणी कोण, म्हणून सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिले. मग सुशीलाबाईंनी बिल्ला पाठीवर टाकला, चूल पेटवली, पर्यटकांसाठी दोन आणि चालकासाठी एक असा चहा केला आणि तो पिऊन स्वतःच्या अगत्याबद्दल अभिप्रायवहीत 'उत्तम' असा शेरा लिहिला.

दिवस मावळता मावळता 'अतिथी वैभव'च्या पायरीवर दुर्गाप्रसाद हार घेऊन उभा होता. "वेलकम सर! पहिल्यांदाच आलात गोंदियाला?"

"हो," केशोराव म्हणाले, आणि त्यांना ते खोटे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दार वाजले. चहात साखर कमी होती, बशीत निम्मा सांडला होता. सुशीलाबाईंनी पलंगावर मांडी घालून तो इतका सावकाश प्यायला की आणणारा वेटर कप न्यायला दोनदा येऊन गेला. केशोराव बायकोच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. मग छाती काढून ते पेपर आणायला खाली उतरले.

काउंटरवर शालीकराम आणि त्याची बायको नंदाबाई बॅग घेऊन उभे होते. दुर्गाप्रसाद ओळखपत्र उजेडात धरून पाहत होता.

"हे पाहा, केशोभाऊ!" शालीकरामाला हायसे वाटले. "सांगा बाप्पा याले, आमी कोण ते."

दुर्गाप्रसाद अदबीने वळला. "सर, ये लोग आपके साथ हैं?"

'सर' हा शब्द केशोरावांच्या कानात कालपासून घुमत होता. त्यांनी शालीकरामाच्या धुळीने माखलेल्या चपलांकडे पाहिले. गळ्यातला बिल्ला सरळ केला.

"नाही बा," ते म्हणाले. "लोकल दिसतात."

वाचकांनी केशोरावांवर रागावण्याची घाई करू नये. तुमच्यापैकी जे नागपुरात-पुण्यात राहतात, वर्षाकाठी चार दिवस गावी येतात आणि आल्या आल्या "इथल्या लोकांचं ना..." अशी वाक्याला सुरुवात करतात, त्यांना खोली केव्हाच मिळालेली आहे.