हमिंगबर्डसाठी लाल घोंगडी

शहरात राहायला गेलेल्या मित्राचं, लेओनीदासचं, पत्र फेब्रुवारीत आलं होतं आणि एवेलियो मास्तरांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र छोटंसंच होतं. 'माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय. पट्टी सुटली की सगळ्यात आधी आपल्या गावचं हमिंगबर्ड बघायचं, असं मनात धरलंय. तुझ्या अंगणात पुष्कळ येतात म्हणे. एक फोटो पाठव. पुस्तकातला नको, तुझ्या घरचा हवा.'

मास्तरांनी फोटो काढले नव्हते असं नाही. त्यांत जास्वंदी होत्या, हलणाऱ्या फांद्या होत्या, एकदा स्वतःचा अंगठाही होता. हमिंगबर्ड मात्र बटण दाबायच्या आधीच निघून गेलेलं असायचं. नुसतं उत्तर लिहावं तर काय लिहावं? मुलांची 'उद्या नक्की आणतो' ही सबब आयुष्यभर ऐकून न घेतलेल्या माणसाला तेच लिहायची लाज वाटत होती. आणि ऑपरेशन परवावर आलं होतं. शहराची बस दुपारी सुटायची.

शेवटी एका पुस्तकात उपाय सापडला : लाल रंग दिसला की हमिंगबर्ड जवळ येतं. अडचण एवढीच, की मास्तरांच्या घरात लाल काही नव्हतं. निवडणूक आली की गाव निळा पक्ष आणि लाल पक्ष असं दुभंगायचं, आणि मास्तरांचं घराणं पणजोबांपासून निळं. दारं निळी, खिडक्या निळ्या. मास्तरांच्या वडिलांनी तर टोमॅटोसुद्धा जन्मभर हिरवेच खाल्ले.

"माझ्याकडे आहे," नूबियाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर लालांचं. ट्रंकेच्या तळातून त्यांनी आपल्या वडिलांची घोंगडी काढली. डोक्यातून घालायची, लालभडक.

"ही घालू मी?"

"घाला की! लग्न झाल्यापासून वाट बघतेय."

मास्तर घोंगडी घालून, कॅमेरा छातीशी धरून अंगणात झाडासारखे उभे राहिले. येत्या रविवारी मतदान आहे हे त्यांच्या डोक्यातून पार गेलं होतं. गावाच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

कुंपणावरून पहिला डोकावला ओल्मेदो न्हावी, लालांचा पुढारी.

"मास्तर! तुम्हीसुद्धा?"

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. नुकतीच एक फांदी हलली होती.

"कळलं, कळलं. इतक्यात कुणाला सांगायचं नाही," ओल्मेदो कुजबुजला आणि थेट चौकात जाऊन सगळ्यांना सांगून आला.

बघता बघता अंगण लाल मंडळींनी भरलं. बडीशेपेच्या दारूची बाटली आली, ट्रंपेटवाला आला.

"दोन शब्द बोला, मास्तर!"

"शू..." मास्तर म्हणाले.

"भरून आलंय त्यांना," ओल्मेदोने जाहीर केलं.

मागोमाग औषधांच्या दुकानातून तुलियो धापा टाकत आले. निळ्यांचे म्होरके आणि मास्तरांचे लहानपणापासूनचे दोस्त.

"एवेलियो! तुझ्या पोरीला बाप्तिस्म्याला या हातांवर घेतलं मी! काढ आधी ते अंगातलं! तुझ्या वडिलांनी वरून बघितलं तर?"

"इतक्या उंचीवरून रंग कळत नसेल," नूबियाबाई खिडकीतून म्हणाल्या.

"वहिनी, हे तुमचंच काम!"

"घोंगडी माझी. काम लेओनीदासचं."

"म्हणजे तोही यात आहे?" तुलियो किंचाळले. ओल्मेदोने खूण केली, ट्रंपेटवाल्याने गाल फुगवले, आणि तेवढ्यात ते आलं.

हिरवं, अंगठ्याएवढं. मास्तरांच्या नाकासमोर हवेत थांबलं. सगळं अंगण जागच्या जागी थिजलं. हमिंगबर्ड असं तोंडासमोर थांबलं की गेलेलं माणूस खुशाली विचारायला आलं, असं तिथे लालही मानतात आणि निळेही. ट्रंपेटवाल्याचे गाल फुगलेलेच राहिले.

"तुझे वडील," तुलियोंनी हळूच टोपी काढली. "जाब विचारायला आलेत."

"माझे बाबा आहेत ते," नूबियाबाई पुटपुटल्या. "घोंगडी ओळखली त्यांनी."

मास्तरांचा कॅमेरा छातीशी होता. वर उचलला तर पाखरू उडणार. ते तिरळे होऊन नुसते बघत राहिले. क्षणभराने अंगणात कुणीच नव्हतं, म्हणजे माणसं सोडून.

"गेलं!" मास्तर रडकुंडीला आले. "लेओनीदासला काय पाठवू आता? या पाखरासाठी तर ही घोंगडी घातली होती!"

"पाखरासाठी?" तुलियो मटकन ओट्यावर बसले. "अरे, मग आधी बोलायचंस! छातीत धडधडतंय माझ्या." ओल्मेदोच्या हातातली बाटली घेऊन त्यांनी मोठा घोट घेतला.

"खरं सांगू, मास्तर?" ओल्मेदोही शेजारी टेकला. "मलाही सुटल्यासारखं वाटतंय. तुम्ही आमच्यात आला असतात तर माझं प्रत्येक भाषण तपासून, लाल शेरे मारून परत आलं असतं."

"आणि गेलंबिलं काही नाही," नूबियाबाईंनी खिडकीतून आपला फोन पुढे केला.

फोटोत पाखराचं पीसन् पीस स्वच्छ होतं. मास्तरही दुर्दैवाने तितकेच स्वच्छ होते : लालभडक, तिरळे, तोंड उघडं. मागे फुगलेल्या गालांचा ट्रंपेटवाला.

"हा मी पाठवणार नाही!"

"मग ऑपरेशन झाल्यावर त्याने तुमचा अंगठा बघायचा का?"

चौकातल्या फोटोवाल्याकडे प्रत काढली. मास्तरांनी तिच्या मागे लिहिलं, ती पाकिटात घातली आणि सुटत्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात पाकीट दिलं :

'प्रिय लेओनीदास, उशीर झाला. फोटो नूबियाने काढलाय. डावीकडचं, छोटं, ते हमिंगबर्ड. लाल घोंगडीतला तो मी. मत निळ्यांनाच देणार आहे.'