ठिबकणारा उमेदवार

"मामा, हसा. दात दुखत असल्यासारखं नका बोलू," मोबाइल रोखून भाची म्हणाली.

प्लंबर स्वयंपाकघरात, सिंकपाशी उभा होता. तिथे उजेड चांगला होता, म्हणे. वॉर्डाच्या निवडणुकीला तो दुसऱ्यांदा उभा होता. रस्त्याखालची गंजकी पाइपलाइन बदलायची हे वेड त्याच्या डोक्यात वीस वर्षं होतं, आणि यावेळी जमलं नाही तर पुन्हा नाव काढायचं नाही, असं बायकोने बजावलं होतं.

"बंधू-भगिनींनो," त्याने सुरुवात केली. मागे नळ ठिबकत होता. "या वॉर्डाच्या विकासासाठी..." ठप्. "मी..." ठप्.

शेवटी त्याने भाषण सोडून पान्हा उचलला. "आधी खालचा कॉक बंद करायचा. हे बघ, वॉशर पार झिजलाय," असं सांगत तो दोन मिनिटांत मोकळा झाला. बायको तीन वर्षं ज्याची आठवण करून देत होती, ते काम असं झालं. भाचीने भाषण काढून टाकलं आणि नळाचाच व्हिडिओ नेटवर टाकला.

संध्याकाळी ती धावत आली. "मामा, दोन लाख लोकांनी बघितलं!"

"आपल्या वॉर्डात मतदार अकराशे. बाकीचे कुठून आले?"

"अहो, सगळं जग बघतं ते!"

जगाचं मत आपल्या वॉर्डात कसं चालणार, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या गल्लीतल्या आजी होत्या. "अरे, व्हिडिओ पाहिला तुझा! मत तुलाच हो. पण आधी माझ्या न्हाणीघरातला नळ बघून जा."

तो गेला. मग शेजारणीकडे गेला, मग तिच्या जावेकडे. पंधरा दिवसांत एकशे सोळा घरं झाली. सभा नाही, फेरी नाही, हातात सतत पान्हा. विरोधी उमेदवार, शिकवणीवाले सर, चौकात नाचून व्हिडिओ काढत होते. त्यांचाही फ्लश यानेच दुरुस्त केला. घरोघरी एकच बोलणं, "तुमच्यासारखा माणूस नाही!" ऐकून त्याला गहिवरून येई.

निकाल लागला. सात मतं.

त्याने आकडा दोनदा विचारून घेतला. घरं एकशे सोळा, मतं सात, आणि त्यातलं एक स्वतःचं! घरी परतताना वाटेत आजी भेटल्या.

"आजी, तुम्ही शब्द दिला होता!"

"दिला होता रे, खोटं कशाला बोलू? पण तू निवडून आलास की मीटिंगांना जाणार, फोन उचलणार नाहीस. मग माझ्या नळाचं काय? सरांना दिलं मी. त्यांनी फोन नाही उचलला तरी आमचं काही अडत नाही."

प्लंबर घरी आला. बायको सिंकपाशी भांडी विसळत होती.

"तू तरी मला दिलंस ना गं?"

बायकोने नळ बंद केला. एक थेंबही पडला नाही.

"तीन वर्षं सांगत होते हो मी तुम्हाला या नळाचं. निवडून आला असतात, तर पुढचा नळ कधी झाला असता?" ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला वळली.