बांधायचं की बदलायचं?

प्रभुलिंगची लाल स्पोर्ट्स कार जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटखाली उभी होती आणि तिचं इंजिन शेजारच्या कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून पडलं होतं. नवी पेठेत दिवसभर साड्या उलगडून दाखवणाऱ्या माणसानं बिनटपाची, दोन सिटांची गाडी घ्यावीच का, हा प्रश्न विचारू नका. अख्ख्या सोलापुरानं विचारून झालाय. शिवानीला शेजारी बसवून, वारा खात, वळसंगला तिच्या माहेरी जायचं, एवढंच त्याचं स्वप्न. पहिल्याच दिवशी बायको साडी बदलून खाली येईपर्यंत इंजिन धूर सोडून जाम झालं.

"बांधू की अण्णा," इंजिन उतरवणारा मेकॅनिक बसू म्हणाला. "बोअर करू, नवे पिस्टन टाकू. वरिजनल ते वरिजनल हाय."

"दाजी, येड्यागत करू नका," शिवानीचा भाऊ गुरु म्हणाला. "पुण्यास्नं दुसरं इंजिन आणू, बदलून टाकू, विषय संपला. बांधायला ती काय उसाची मोळी हाय?"

"पुण्याचं इंजिन कुटं आपटलंय, तुला तरी म्हाईत हाय का बे?" बसू भडकला.

बांधावं तर मेहुणा रुसणार, बदलावं तर बसू परत गाडीला हात लावणार नाही. प्रभुलिंग पडला भिडेचा माणूस. "बघू," म्हणाला. महिने गेले. खरं सांगायचं तर त्याला घाई होती कुठं? दुकानातून आला की तो गाडीत बसायचा, स्टेअरिंग धरून डोळे मिटायचा, आणि भिंतीकडे तोंड करून उभी असलेली ती गाडी वळसंगच्या रस्त्याला लागायची. ज्वारीची शेतं मागं पडायची, शेजारी शिवानीचा पदर उडायचा. वरून हाक आली तरी हा गृहस्थ लवकर परत यायचा नाही.

"पाडव्यापर्यंत काय ते ठरवा," शेवटी शिवानीनं बजावलं, "न्हाईतर भंगारवाल्याला बोलावते. तुमी एकटेच फिरून येताय, आन् मी खिडकीतनं तुमाला बघत बसलेय!"

पाडवा तोंडावर आला तेव्हा शेजारच्या अण्णारावांच्या अजिंक्यचं लग्न निघालं. नवरदेवाच्या परण्यासाठी, म्हणजे अक्षतांआधी देवळापर्यंत निघणाऱ्या मिरवणुकीसाठी, सांगितलेली घोडी ऐनवेळी लंगडली. अण्णाराव धावत खाली आले.

"प्रभुलिंग, गाडी द्या!"

"अहो, इंजिन न्हाय तिच्यात."

"परण्याला इंजिन कशाला की? म्होरं पोरं नाचणार, गाडी पावलापावलानं सरकणार. समोरच्या कार्यालयापासनं मारुतीच्या देवळापर्यंत चौघं ढकलतील."

प्रभुलिंग 'नको' म्हणायला तोंड उघडेपर्यंत बॉनेटवर झेंडूच्या माळा चढल्यासुद्धा.

परण्या निघाला. ना आवाज, ना धूर. "इलेक्ट्रिक असंल बे," बघे एकमेकांना सांगू लागले. शेजारी नवरदेव, हातात स्टेअरिंग. प्रभुलिंग पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून पुढं सरकत होता. देवळाच्या अलीकडं उतार लागला आणि नेमकं तिथंच बँडवाल्यानं असं काही वाजवलं की ढकलणाऱ्या चौघांच्या अंगात आलं. गाडी सोडून तेही नाचायला लागले.

प्रभुलिंगनं ब्रेक दाबला. इंजिन नसलं की ब्रेकही दगडासारखा घट्ट होतो, हे त्याच्या स्वप्नात कधी आलं नव्हतं. "बाजूला व्हा!" तो ओरडला. बँड दुभंगला, नाचणारे गटारापलीकडं उडाले आणि पुढं मोकळा उतार पसरला. हँडब्रेक शेजारीच होता. हात काही तिकडं गेला नाही.

"काका, देऊळ मागं गेलं."

"दिसलं."

मुंडावळ्या उडू लागल्या. अजिंक्यनं आधी फेटा धरला, मग दार धरलं, मग दोन्ही सोडून हसायलाच लागला. टायरांची सळसळ आणि अंगावर वारा, बाकी काही नाही. पुढच्या चढावर गाडी आपोआप मंदावली आणि रसवंतीपुढं थांबली.

"किती ग्लास?" रसवाल्यानं विचारलं.

"दोन," नवरदेव म्हणाला.

अक्षतांना उशीर झाला आणि मुलीच्या आईनं प्रभुलिंगचा पार उद्धार केला. घरी आल्यावर शिवानी तडक वर निघून गेली. भंगारवाल्याला आजच फोन गेला, असं समजून प्रभुलिंग गाडीवरचे झेंडू गुपचूप काढत बसला. थोड्या वेळानं ती खाली आली. डोळे भरलेले होते.

"शेजारच्या पोराला वारा खायला मिळाला," ती म्हणाली. "आन् मी? मी कोण की तुमची?"

"अगं, पण इंजिन..."

"इंजिनाचं ऱ्हाऊ द्या. मला त्या उतारावरनं न्या."

बसूला बोलावलं, गुरुला बोलावलं. दोघांनी मागून ढकलत गाडी उताराच्या माथ्यावर नेली, पण तोंडं काही बंद झाली नाहीत. गाडी सुटली. "बांधायचं!" "बदलायचं!" मागचे आवाज बारीक होत गेले. शिवानीनं खांद्यावरची पिन काढली आणि पदर सोडून दिला. प्रभुलिंगला तिच्याकडं बघावं की रस्त्याकडं, तेच कळेना.

"भंगारवाल्याला नको म्हणून सांगते," चढावर गाडी थांबल्यावर ती म्हणाली.

"बरं. मग इंजिनाचं उद्या ठरवूनच टाकतो. दोघांचं एकमत करतो."

"खुळे का काय?" शिवानी मागं वळून बघत म्हणाली. बसू आणि गुरु हातवारे करत, भांडत, उतार उतरून येत होते. "एकमत झालं तर परत वर ढकलायला कोण येणार?"