घराण्याची मूठ

बाबांच्या गुलाबावर मावा पडला आणि आईने शांतपणे निकाल दिला, "रविवारी उपटून टाक. तिथे कपड्यांचा स्टँड ठेवू."

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. छत्री, चपला, स्वेटर, सगळं आईने वाटून टाकलं होतं; उरलं होतं ते हे एक झाड. लेकीने बाबांची वही काढली. फवाऱ्याची कृती वळणदार अक्षरात होती: 'लसूण एक मूठ, लाल मिरच्या दोन मुठी, साबणाचं पाणी. वाटून फवारणे.' खाली दर वर्षी एकच शेरा: 'उत्तम गुण आला.'

"पण मूठ कोणाची?"

"दादाची," आत्या म्हणाली. "म्हणजे आमच्या घराण्याची. तुझी बघ, चिमणीएवढी. सरक."

आत्याने घराण्याला शोभतील अशा मुठी घातल्या. मिक्सर फिरला आणि घरभर मिरचीचा खाट उठला. लेकीने गॅलरीत पहिला फवारा मारला, तो वाऱ्याने साभार परत केला. दुसरा खाली गेला. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांची पांढरी चादर वाळत होती.

मास्तर चादर घेऊन तरातरा वर आले. भांडणाचं पहिलं वाक्य त्यांनी जिन्यातच घोटून ठेवलं होतं. पण दार उघडं होतं, आणि आत तिघीजणी हाताला लागेल तो कपडा डोळ्यांना लावून ढसाढसा रडत होत्या.

मास्तर वरमले. चादर पाठीमागे लपवत खुर्चीवर टेकले. "वहिनी, देवमाणूस होता हो," असं म्हणेपर्यंत खाट त्यांच्याही नाकात गेला आणि तेही रडू लागले.

"अहो मास्तर, मिरची आहे ती!"

"असू द्या, वहिनी. मन मोकळं करा."

लेक नाक पुसत झाडाकडे धावली. पानं तिखटाने माखली होती आणि मावा मजेत होता.

"आई, हे औषध लागूच पडत नाहीये!"

"कधी पडलं होतं?" आई गॅलरीत आली. "ते फवारून कामावर जायचे. मागून मी ओल्या फडक्याने पान न् पान पुसायची. संध्याकाळी येऊन बघायचे आणि वहीत लिहायचे."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"तीस वर्षं खूश होते बिचारे. कशाला सांगायचं?"

"मग आता उपटायला का निघालीस?"

आईने कुंडीतलं एक गळलेलं पान उचललं. "आता कोणाला दाखवायला पुसू?"

मग तीच आत जाऊन फडकं भिजवून घेऊन आली, स्टूल ओढलं आणि पहिलं पान बोटावर घेतलं. "फांदी धर नीट. मावा पानाच्या पाठीला असतो."

एव्हाना मास्तर सावरले होते. त्यांनी दारातून मान पुढे काढली. "वहिनी, उरलं असेल तर आमच्या जास्वंदीला द्याल का थोडं? त्यांच्या औषधाला गुण फार, असं तेच सांगायचे."

"न्या की सगळी बाटली," आई पान न सोडता म्हणाली. "फक्त घरी पुसणारं कोणी आहे ना?"